आठ दिवस अंगावर असलेला डाग

आईच्या डाव्या स्तनाखाली, ब्लाउजची शिवण जिथे घासते तिथे, एक काळी खपली होती. मसुराच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. कडेनं लालसर, मधोमध काळीकुट्ट, कुणी सिगारेटचा चटका दिल्यासारखी. ती दुखत नव्हती, खाजत नव्हती. ताप यायच्या आधीपासून ती तिथे होती. दोन डॉक्टरांनी आईला तपासलं, घरातल्या चार माणसांनी तिला उठवलं-बसवलं, हातपाय चेपले, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पण ती खपली कुणाच्याच नजरेला पडली नाही. आठव्या दिवशी पडली. तोवर आईची फुप्फुसं पाण्यानं भरली होती आणि लघवी जवळजवळ बंद झाली होती.

२०१८ चा सप्टेंबर. आमचं गाव काटोल तालुक्यात. थोडी संत्र्याची झाडं, बाकी सोयाबीन आणि पऱ्हाटी. मी लग्नानंतर नागपुरात, शाळेत शिकवते. गावाला आई, बाबा, दादा, वहिनी. पोळा जवळ आला होता. बैलांना पोळ्याआधी चांगला हिरवा चारा मिळावा म्हणून आई ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात रोज इळा घेऊन वावरात जायची. धुऱ्यावरचं गवत कमरेइतकं वाढलेलं. ते कापायचं, भारा बांधायचा, दमलं की तिथेच गवतावर बसून भाकर खायची. हे सगळं मी मागाहून जुळवलं. ज्या दिवसांत त्याला महत्त्व होतं, त्या दिवसांत ते कुणी विचारलं नाही आणि आम्हीही आपणहून सांगितलं नाही. वावरातली बाई वावरात गेली, त्यात सांगायचं काय?

१ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. मी फोन केला तर म्हणाली, "काही नाही वं, अंग दुखून राह्यलं. डोकं मात्र फुटते का काय असं वाटून राह्यलं." आईला डोकेदुखी माहीत नव्हती. उन्हातान्हात राबूनही तिचं डोकं कधी दुखलेलं मला आठवत नाही. तेव्हाच माझ्या मनात जरा खटकलं होतं, पण पावसाळ्यात कुणाच्या घरी ताप नसतो?

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पॅरासिटामॉल दिली. ताप तीन-चार तास उतरायचा आणि परत १०३ वर जायचा. मंगळवारी दादानं तिला तालुक्याच्या गावी नेलं. तिथे रक्त तपासलं. मलेरिया नाही. डेंग्यूची एनएस-वन निगेटिव्ह. प्लेटलेट ९२ हजार. टायफॉइडची विडाल टेस्ट हलकीशी पॉझिटिव्ह. तेवढ्यावर टायफॉइड ठरला, तिला भरती करून घेतलं आणि सेफ्ट्रायक्झोनची इंजेक्शनं सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ. एरवी टायफॉइडवर हे औषध चांगलंच आहे. पण आईला झाला होता स्क्रब टायफस, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप, आणि त्याच्या जंतूवर ह्या औषधाचा काहीच परिणाम होत नाही. म्हणजे बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस शिरेतून औषध जात होतं, आम्हाला उपचार चालू आहेत असं समाधान होतं, आणि आत तो जंतू मोकळाच होता.

बुधवारी फोनवर आई मला तीनतीनदा म्हणाली, "जोरानं बोल, ऐकू नाही येऊन राह्यलं." मी नेटवर्कला दोष दिला. गॅलरीत जाऊन बोलले, फोन कट करून परत लावला. आज ते आठवलं की पोटात कालवतं, कारण स्क्रब टायफसमध्ये काही रोग्यांना अचानक कमी ऐकू यायला लागतं आणि तापासोबत असं बहिरेपण आलं तर तो रोग ओळखायचा एक मोठा धागा असतो. तो धागा आईनं स्वतः माझ्या हातात दिला होता.

गुरुवारी मी सुट्टी टाकून गेले. प्लेटलेट ५४ हजार झाल्या होत्या. त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांचं, नातेवाइकांचं, भेटायला येणाऱ्यांचं लक्ष त्या एका आकड्यावर खिळलं. वहिनी पपईच्या पानांचा रस काढून आणायची, मामा किवी घेऊन आले, कुणी बकरीचं दूध सांगितलं. रोज सकाळी आकडा किती, एवढाच प्रश्न. आईचे डोळे लाल झाले होते, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, कोरडा खोकला सुरू झाला होता, पोटात कळ येत होती. हे सगळं आम्हाला दिसत होतं. पण आकडा छापील होता आणि तो कागदावर होता, म्हणून तोच खरा वाटत होता.

डॉक्टरांना मी विचारलं, औषध चालू असून ताप का हटत नाही? ते म्हणाले, टायफॉइडचा ताप उतरायला पाच-सहा दिवस घेतो. हे खरं आहे, असं मी नंतर वाचलं. त्यामुळे त्यांच्यावर सरसकट ठपका ठेवणं मला पटत नाही. त्यांच्याकडे तेव्हा तीस-पस्तीस तापाचे रोगी असतील, खाटा भरून व्हरांड्यात गाद्या घातल्या होत्या. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. त्या चार दिवसांत आईचं अंग कुणी पाहिलं नाही. स्टेथोस्कोप साडीवरूनच लागला. बाईमाणूस, साठीला आलेली, तिचा पदर कुणी बाजूला करायचा? डॉक्टरांना संकोच, आम्हाला संकोच, आणि आईला सगळ्यांत जास्त.

शनिवारी, ८ तारखेला दुपारी ती असंबद्ध बोलायला लागली. पोळ्याचा आदला दिवस, खांदशेकणीचा. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावून "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचा दिवस. आई खाटेवर पडून तेच पुटपुटत होती, आवतण घ्या, आवतण घ्या. बाबांना वाटलं, पोळ्याचे वेध लागलेत. मी तिच्या छातीकडे पाहत होते. श्वास उथळ आणि भराभर, मिनिटाला चाळीसच्या आसपास. बोटाला मशीन लावलं तर ऑक्सिजन ८४. लघवीच्या भांड्यात सकाळपासून कपभरही नव्हतं आणि होतं ते गडद चहासारखं. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता नागपूर. संदर्भपत्रावर "डेंग्यूसदृश ताप" असं लिहून मिळालं. अॅम्ब्युलन्समध्ये साठेक किलोमीटरचा रस्ता मी तिचा मास्क धरून बसले.

नागपूरच्या हॉस्पिटलात रात्री आठला पोचलो. तिथली अतिदक्षता विभागातली डॉक्टर माझ्यापेक्षाही लहान असेल. तिनं संदर्भपत्र वाचलं, बाजूला ठेवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ह्या वावरात जातात का?" मी हो म्हणाले. "गेल्या दोन-तीन आठवड्यांत गवतात काम केलं? निंदण, चारा कापणं?" मी सांगितलं. "ताप कितवा दिवस?" आठवा. ती म्हणाली, "डेंग्यूचा ताप एवढे दिवस असा १०४ ला राहत नाही. तो उतरताना त्रास वाढतो. इथे ताप तसाच आहे आणि त्रासही वाढतोय." मग तिनं सिस्टरला सांगितलं, पडदे लावा, सगळे कपडे काढा, डोक्यापासून पायापर्यंत बघा. काखेत, कानामागे, कमरेच्या नाडीखाली, जांघेत, स्तनांखाली. मलाही थांबवून घेतलं.

सिस्टर मध्यमवयीन, मोठ्या हातांच्या. त्यांनी आईचं अंग ओल्या कपड्यानं पुसत पुसत खाली आणलं. डावा स्तन हलक्या हातानं वर उचलला आणि म्हणाल्या, "मॅडम, हे बघा."

डॉक्टरनं मोबाइलचा टॉर्च लावला. जास्त वेळ पाहिलं नाही. "एस्कार आहे, किडा चावल्याची खपली," म्हणाली आणि लगेच मागे वळून औषधं सांगायला लागली. अॅझिथ्रोमायसिन शिरेतून, डॉक्सिसायक्लिन नाकातल्या नळीतून, आत्ताच. मी विचारलं, रिपोर्ट आला? ती म्हणाली, रक्त पाठवतेय, रिपोर्ट दोन दिवसांनी येईल, तोपर्यंत थांबलो तर उशीर होईल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत आणि त्यात हेच सांगितलंय, असं मला पुढे कळलं. संशय आला की औषध सुरू करा, तपासणीच्या निकालासाठी अडून बसू नका.

मध्यरात्री आईला व्हेंटिलेटरवर घेतलं. सही करताना माझा हात थरथरत होता म्हणून दादानं केली.

पहाटे त्या डॉक्टरनं मला समोर बसवून समजावलं. मी जन्मभर तिची ऋणी राहीन, कारण चोवीस तास जागं राहिलेल्या माणसानं एवढ्या शांतपणे बोलणं ही साधी गोष्ट नाही. तिनं कागदाच्या पाठीवर एक नळी काढली. म्हणाली, ही रक्तवाहिनी समजा. हिला आतून पेशींचं अस्तर असतं. हा जंतू, ओरिएन्शिया सुत्सुगामुशी त्याचं नाव, त्या अस्तराच्या पेशींत शिरून राहतो. तिथे सूज आली की नळी पाझरते. फुप्फुसात पाझरली की श्वास अडतो, त्याला एआरडीएस म्हणतात. रक्तातलं पाणी बाहेर गेलं की बीपी पडतं. मूत्रपिंड, यकृत, हृदय, मेंदू, सगळीकडे ह्याच नळ्या आहेत, म्हणून हा एकाच अवयवाचा आजार राहत नाही. पहिल्या आठवड्यात हा साधा ताप असतो. दुसऱ्या आठवड्यात तो असा होतो.

आईचं बीपी ८० वर ५०, ते औषधावर धरून ठेवलं होतं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ३.४, म्हणजे खूप वाढलेलं. प्लेटलेट ३१ हजार. एक्स-रेवर फुप्फुसांच्या जागी पांढरं धुकं.

दुसऱ्या दिवशी पोळा. गावात पहिल्यांदा आमच्या घरची जोडी आईनं ओवाळल्याशिवाय निघाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत, रोगराई घालवायला पुतळ्यांची मिरवणूक काढतात ती. माझे यजमान औषधं आणायला गेले ते मिरवणुकीच्या गर्दीत अडकले. उशीर का झाला विचारलं तर म्हणाले, काळी-पिवळी मारबत समोरून जात होती, लोक "ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडत होते, मीही हातातली औषधाची पिशवी वर धरून ओरडलो. एरवी ते असल्या गोष्टींत नसतात. त्या संध्याकाळी आईचा ताप पहिल्यांदा १०० च्या खाली आला. औषध सुरू करून पुरते दोन दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाली, स्क्रब टायफसचा ताप डॉक्सिसायक्लिनला असाच अठ्ठेचाळीस तासांच्या आत-बाहेर उत्तर देतो, हीसुद्धा एक खूणच आहे. रिपोर्ट त्याच रात्री आला. आयजीएम एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह. पहिल्या पाच-सात दिवसांत केलेली ही चाचणी पुष्कळदा निगेटिव्ह येते, शरीरानं प्रतिपिंडं तयार करायला तेवढा वेळ लागतो म्हणून. त्यामुळे लवकर केलेल्या चाचणीत काही निघालं नाही, तरी रोग नाही असं त्यावरून ठरत नाही.

आम्हाला वाटलं, ताप गेला, आता आई उठेल. तसं झालं नाही. जंतू मेला तरी त्यानं केलेली मोडतोड भरून यायला वेळ लागतो. तिचं तीनदा डायलिसिस झालं. व्हेंटिलेटर सात दिवस राहिला. गणपती बसले ते मला हॉस्पिटलच्या खिडकीतून ढोल ऐकू आले तेव्हा कळलं. बाहेरच्या बाकड्यावर आमच्यासोबत आणखी एक कुटुंब होतं, त्यांचा मुलगा पंचविशीचा, ट्रॅक्टर चालवायचा. त्यालाही हाच आजार. तो अकराव्या दिवशी आला होता. त्याच्या बायकोनं मला विचारलं, "ताई, तुमच्या आईले कोणतं औषध दिलं?" मी सांगितलं. तिच्या नवऱ्यालाही तेच दिलं होतं, आल्या आल्या दिलं होतं. तो गणपतीच्या दुसऱ्या दिवशी गेला. ती बाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली तेव्हा मी तिच्या शेजारी बसले. मला एक शब्दही बोलता आला नाही. मनात एवढंच येत होतं की आमच्यात आणि ह्यांच्यात फरक तीन दिवसांचा आहे.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी आईची नळी काढली. घसा सोलवटला होता, आवाज फुटत नव्हता. मी तिच्या कानाशी वाकून बोलले तर ती माझ्या ओठांकडे पाहत राहिली. तिला अजिबात ऐकू येत नव्हतं. मग मी फळ्यावर मुलांना लिहून दाखवते तसं वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "आई, तू बरी होत आहेस." ती सावकाश वाचून म्हणाली, "बैलाईले कोणी ओवाळलं?"

घरी जायच्या आधी मी तिला त्या खपलीबद्दल विचारलं, वहीवर लिहूनच. तिला माहीत होतं. ताप यायच्या दोन-तीन दिवस आधी आंघोळ करताना तिच्या हाताला लागलं होतं. घामोळ्याचा फोड किंवा ब्लाउजचं घासणं असेल म्हणून तिनं खोबरेल तेल लावलं. सांगितलं का नाही? ती हसली, लाजली. "तशा जागी. काय सांगावं, कोणाले सांगावं?"

ह्या उत्तरावर मी खूप विचार केला आहे. चावणारा किडा इतका बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. मिलिमीटरचा पाचवा भाग. तो माइट नावाच्या किड्याची अळी, तिला चिगर म्हणतात. ती गवताच्या टोकावर बसून असते, उंदीर-घुशी हे तिचं खरं खाद्यस्थान, माणूस मध्ये आला की त्याच्यावर चढते. चढली की कपडा जिथे घट्ट असतो, कातडी जिथे मऊ आणि दमट असते तिथे जाऊन थांबते. म्हणजे नेमकी जी जागा आपण दाखवत नाही, ती. चावल्याचं कळत नाही. चावल्यानंतर साधारण दहा-बारा दिवसांनी ताप येतो, तोवर माणूस गवत विसरून गेलेला असतो. आणि खपली दुखत नाही, म्हणून तिच्याकडे बोट दाखवायचं कारणही पडत नाही. आपल्या बायका तर दुखणारी गोष्टही सांगत नाहीत.

सगळ्यांनाच खपली सापडते असं नाही, हेही सांगायला हवं. काहींच्या अंगावर ती उठतच नाही, काहींची सावळ्या कातडीत चटकन दिसत नाही. डॉक्टर म्हणाली होती, दिसली तर अर्धं काम झालं, नाही दिसली तरी वावर, पावसाळा आणि पाच दिवस न हटलेला ताप, एवढ्यावरही विचार करायचाच.

ह्याची दुसरी बाजू मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. आई अजून हॉस्पिटलात असतानाच आमच्या घरामागच्या काकूंना ताप आला. त्याही त्याच धुऱ्याला लागून असलेल्या वावरात जायच्या. दादानं शिकवणी एव्हाना पोटभर घेतली होती. तो तिसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला आणि डॉक्टरांना सरळ सांगितलं, माझी आई स्क्रब टायफसनं व्हेंटिलेटरवर आहे, ह्यांचं अंग पाहा. काकूंच्या काखेत तशीच खपली निघाली. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. चौदा कॅप्सूल. काकूंचा ताप चौथ्या दिवशीच्या संध्याकाळी उतरला, सहाव्या दिवशी त्या चुलीपाशी होत्या. आमचं बिल लाखांत गेलं, दादानं संत्र्याचा बार आगाऊ विकला. काकूंची औषधं दुकानातून घेतली असती तरी शंभराची नोट पुरून उरली असती. एकच रोग, एकच गाव, एकच गवत. औषधही एकच.

त्या वर्षी नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत पुष्कळ लोकांना हा आजार झाला, माणसं गेली, वर्तमानपत्रांत रोज बातम्या येत होत्या. आमच्या नात्यातल्या एका शिकलेल्या माणसानंसुद्धा तेव्हा विचारलं, "टायफसच ना, म्हणजे टायफॉइडच." नाही. टायफॉइड दूषित पाण्या-अन्नातून येतो, त्याचा जंतू वेगळा, औषधं वेगळी. नावं सारखी आहेत एवढंच, आणि त्या सारखेपणात माणसाचे दिवस जातात. आईचे गेले.

आई एकूण बावीस दिवसांनी घरी आली. १४ किलो वजन उतरलं होतं. पुढच्या महिन्यात केस मूठमूठ गळले, ते परत आले. मूत्रपिंडं सावरली. उजव्या कानानं बरंच ऐकू येतं, डाव्यानं अजूनही कमी. त्या आठ-दहा दिवसांचं तिला काहीही आठवत नाही. अॅम्ब्युलन्स आठवत नाही, मी आठवत नाही. शेवटचं काय आठवतं विचारलं तर म्हणते, भारा डोक्यावर घेतला आणि इळा धुऱ्यावरच राहिला, तो आणायला परत गेली.

२०२३ मध्ये मी एक बातमी वाचली आणि त्या डॉक्टरला फोन केला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकारानं भारतातल्या सात हॉस्पिटलांत गंभीर स्क्रब टायफसच्या जवळपास ८०० रोग्यांवर अभ्यास झाला होता. काहींना शिरेतून फक्त डॉक्सिसायक्लिन, काहींना फक्त अॅझिथ्रोमायसिन, काहींना दोन्ही. मृत्यू, पाच दिवसांनीही न उतरलेला ताप किंवा सात दिवसांनीही टिकून राहिलेली गुंतागुंत, हे सगळं मिळून एकेकट्या औषधाच्या गटांत ४७-४८ टक्क्यांना झालं, दोन्ही मिळालेल्यांत ३३ टक्क्यांना. मी तिला म्हणाले, तुम्ही तर आईला २०१८ मध्येच दोन्ही दिली होतीत. ती म्हणाली, तेव्हा पुरावा नव्हता, आई इतकी वाईट अवस्थेत होती की एकावर विसंबायची हिंमत झाली नाही. मग थोडं थांबून म्हणाली, "पण पुढचंही वाचा. मृत्यूंच्या प्रमाणात तिन्ही गटांत फरक पडला नाही. इतक्या उशिरा आलेल्या माणसाला औषधानं किती वाचवायचं, त्याला सीमा आहे."

मला हॉस्पिटलातल्या त्या बाकड्यावरची ती बाई आठवली.

म्हणून मी हे लिहिते आहे, दर पावसाळ्यात सांगतेही. घरात कुणाला ताप आला आणि तो माणूस वावरात, बागेत, झुडपांत, वीटभट्टीच्या आसपास वावरला असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा, विचारायची वाट पाहू नका. अंघोळीच्या वेळी कुणीतरी जवळच्यानं त्याचं सगळं अंग पाहा, उजेडात पाहा. प्लेटलेटचा आकडा पाहताना श्वासाचा वेग आणि लघवीही पाहा. आणि स्क्रब टायफस असू शकेल का, हा प्रश्न डॉक्टरांना तोंडानं विचारा. चांगला डॉक्टर त्याचा राग मानत नाही. औषध मात्र आपल्या मनानं घेऊ नका. गरोदर बाईला, लहान मुलाला कोणतं द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात.

आई वावरात जाते. नको म्हटलं तरी जाते. पण आता ती पायजमा घालून त्यावर साडी नेसते, पूर्ण बाह्यांचा दादाचा सदरा चढवते, गवतावर बसायला ताडपत्रीचा तुकडा नेते. परत आली की वावरातले कपडे अंगणातच उतरवून उकळत्या पाण्यात टाकते आणि साबणानं घसघसून आंघोळ करते. न्हाणीघरात तिनं एक हातआरसा खिळ्याला अडकवला आहे.

गावातल्या बायका तिच्याकडे येतात. कुणाच्या सुनेला ताप आला की सासू तिला आईकडे घेऊन येते. आई दोघींना आतल्या खोलीत नेते, दार लावते आणि टॉर्च काढते. मोठ्यानं बोलते, कमी ऐकू येतं म्हणून. "लाजू नोको बाई, मी लाजली तं मरता मरता वाचली. वर कर." गेल्या ऑगस्टमध्ये तिचा फोन आला, अशाच एका पोरीला पाहून झाल्यावर. मी विचारलं, काही निघालं का?

"नाही निघालं," आई म्हणाली. "सारं अंग पाहलं, काखा पाहल्या, काही नाही. तरी धाडलं दवाखान्यात. म्हणलं डॉक्टरले सांग, वावरातली आहो, पाच दिवसापासून ताप आहे. दादा गेला आहे तिच्यासंगं गाडी घेऊन."